अमेरिकेचा सामना आणि आमचं गप्प घर

माझं काम सांगायला सोपं आणि पटवायला अवघड. अमेरिकेत फुटबॉलचं वेड असलेल्या लोकांची एक वेबसाइट आहे. आपल्या देशाच्या संघाबद्दल ते तिथे बोलतात, म्हणजे भांडतात. ती भांडणं मी नांदेडजवळ विष्णुपुरीच्या आमच्या दोन खोल्यांत बसून वाचते आणि कोणी पातळी सोडली की त्याचं लिहिलेलं काढून टाकते. मायला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजे भांडनं मिटवायची नोकरी? ते तर मी चाळीस वर्षं बिनपगारी करून राहिले."

तिचं खरं होतं. बाबा एसटीत कंडक्टर होते, अहमदपूर डेपोला. खिडकीवरून, पोत्यांवरून, पोराचं अर्धं तिकीट की पूर्ण यावरून दिवसभर लोकांशी वाद घालायचे आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून घरी येऊन आमच्याशी. रिटायर होऊन लातूरला माझ्या भावाकडे राहायला गेले तरी सवय सुटली नाही. मी लग्न होऊन नांदेडला आल्यापासून आमचा एक कायमचा विषय होता, मराठवाड्याचं नवं विभागीय आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला. मी म्हणायचे, "तुमच्या साहेबाच्या आंघोळीला पाणी पुन्हा दुष्काळातल्यासारखं रेल्वेनं आणणार का?" ते म्हणायचे, "तुमच्या नांदेडची पोरं शिकायला कुठं येतेत, ते सांग आधी." इतक्या वर्षांत एकमेकांचं एक अक्षर आम्ही मान्य केलं नाही आणि फोन ठेवताना दोघंही खूश असायचो.

उन्हाळ्यात त्यांची बायपास झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, मीठ कमी, रोज थोडं चालणं, मनाला ताण नको. त्यातलं 'ताण नको' तेवढं मी उचललं आणि त्याचा कायदा करून टाकला. थोरली मी, घरात माझं चालतं. बाबांशी वाद घालायचा नाही, ते म्हणतील त्याला हो म्हणायचं, बातम्या लावायच्या नाहीत. भेटायला आलेले बुद्धविहारातले लोक असोत की डेपोतले जुने ड्रायव्हर, पाच मिनिटांत त्यांना उठवायचं. भावानं टीव्हीवर चादर टाकली. माय, जिनं जन्मात कधी त्यांचं ऐकून घेतलं नव्हतं, तीसुद्धा मान डोलवायला लागली. फोनवर मीही "हो बाबा", "बरोबर आहे बाबा" एवढंच बोलायचे.

आणि बाबा मिटत गेले. आधी फोनवर चार वाक्यं बोलायचे, मग एक, मग मायच फोन उचलून सांगायची, आडवे झालेत म्हणून. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचे. फिरायला म्हणून गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि परत. रिपोर्ट सगळे चांगले होते. डॉक्टर भावाला म्हणाले, जखम भरली, आता यांनी मनानं उभं राहायला पाहिजे. ते राहत नव्हते. अजून ताण होत असेल असं मला वाटलं आणि मी भावाला सांगितलं, त्यांच्या खोलीत फोनवरही बोलत जाऊ नको. घरात जेवढं शांत करावं तेवढं ते खंगत होते आणि माझ्या जिवाला इकडे नांदेडात स्वस्थता नव्हती.

त्यातच फुटबॉलची जागतिक स्पर्धा सुरू झाली. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे मी पाच वाजता चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरपुढे. एका सामन्याची सगळी चर्चा एका ठिकाणी चालते, तिला थ्रेड म्हणतात. सामन्याच्या दिवशी थ्रेड इतक्या वेगानं पळतो की डोळ्यांची आग होते. मी एक हात माउसवर ठेवायचे, दुसऱ्यानं फोन उचलून मायला विचारायचे, "खाल्लं का त्यांनी?" मग परत अमेरिका.

अमेरिकन माणूस भांडतो मात्र शिस्तीत. आधी "तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो" म्हणतो आणि मग अक्कल काढतो. या खेळाला सॉकर म्हणायचं की फुटबॉल, यावर त्यांचं अजून एकमत नाही, आणि ते होईल अशी आशा कोणी धरूही नये. अर्धे खेळाडू युरोपात वाढलेले, ते आपले म्हणायचे का, यावर दोन तट. तिकडे पोरांना खेळ शिकवायला क्लबात एवढी फी लागते की गरिबाचं पोरगं मैदानावर पोचतच नाही, यावर मात्र सगळे एका सुरात चिडायचे. प्रशिक्षकाला सगळ्यांनी मिळून रोज काढून टाकलेलं असायचं. एक गोल झाला की तेच लोक त्याला डोक्यावर घ्यायचे. एकजण जिंकेपर्यंत मोजे धुणार नाही म्हणून बसला होता आणि त्याची बायको दुसऱ्या नावानं येऊन त्याच थ्रेडमध्ये त्याला झापत होती. मी एकटीच खोलीत हसले आणि मग बाबा आठवून हसू थांबलं.

या सगळ्यांत एक बाप-लेक होते. दोघं वेगवेगळ्या शहरांत राहायचे आणि दोघंही जुने सभासद. त्यांचं भांडण गोलकीपरवरून होतं. बाप म्हणायचा, हा गोलकीपर पायानं खेळायला जातो आणि एक दिवस घात करेल, याला बाहेर बसवा. लेक म्हणायचा, आजच्या खेळाला असाच लागतो. बाकीचे त्यांची टिंगल करायचे, पण दोघांपैकी एक दिसला नाही की दुसरा कुठे आहे म्हणून विचारायचेही.

अमेरिकेचा महत्त्वाचा सामना होता त्या सकाळी, खेळ सुरू व्हायला थोडाच वेळ असताना, लेकानं लिहिलं, "बाबा आज सकाळी गेले. काल फोनवर शेवटचं बोलले तेही गोलकीपरबद्दलच. मी अजूनही म्हणतो की ते चुकत होते. आज माझ्याशी कोण भांडणार?"

मी ते दोनदा वाचलं. खाली लोकांचा आरडाओरडा चालूच होता. शिट्ट्या वाजवणारी चित्रं, शिव्या, विनोद. आमच्याकडे गल्लीत कोणी गेलं तर शेजारचेही टीव्ही बंद करतात. त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी पोचवतात, आणि कालपर्यंत बांधावरून डोकी फोडायला निघालेला माणूससुद्धा येऊन खाली मान घालून बसतो. मयताच्या घरापुढून भांडत जायचं नसतं, हे कोणी शिकवावं लागत नाही. मी क्षणाचाही विचार केला नाही. थ्रेडला कुलूप घातलं. वर चार ओळी लिहिल्या, की आपल्या एका सभासदाच्या घरी दुःख झालं आहे, त्यांच्या सन्मानासाठी चर्चा काही वेळ बंद ठेवत आहोत. कुलूप घातल्यावर कोणालाच काही लिहिता येत नाही, त्यालाही नाही. मला फार बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा आपण कुठेतरी योग्य वागलो असं वाटलं.

तक्रारींचा पाऊस पडला. त्या मी बघितल्याच नाहीत, म्हटलं, माणुसकी नाही मेल्यांना. उठून मायला फोन लावला. आजही अर्धीच भाकरी, ती म्हणाली. परत येऊन बसले तर त्या लेकाचा मला वेगळा निरोप आला होता. तो मला अजून पाठ आहे.

"तुम्ही बंद का केलंत? सकाळपासून मी या घरात बसलोय. सगळे कुजबुजतात. मी काहीही बोललो की हो म्हणतात. आरडाओरडा ऐकायला मी तुमच्याकडे आलो होतो. माझे बाबा त्या आरडाओरड्यात होते. तेवढी एकच जागा राहिली होती."

थ्रेड उघडला तोवर मध्यंतराची शिट्टी वाजत होती. पहिला अर्धा सामना मी त्या माणसाकडून काढून घेतला होता आणि तो आता कोणालाच परत देता येणार नव्हता. मी त्याची माफी मागितली, खरं काय ते लिहिलं, की आमच्याकडे असं करतात. त्यानं एवढंच लिहिलं, "ठीक आहे. आता उघडं ठेवा."

मी उघडं ठेवलं. आधी लोक बिचकत होते, सांत्वनाचं लिहीत होते. मग एका बाईनं लिहिलं, "तुझ्या वडिलांच्या वतीनं सांगते, हा गोलकीपर बाहेर बसवायलाच पाहिजे." लेक तिच्यावर तुटून पडला. तिला खेळ कळत नाही म्हणाला. मग दुसरा आला बापाच्या बाजूनं, तिसरा आला, जुने जुने लोक बापाचीच वाक्यं शोधून आणून त्याच्या तोंडावर मारायला लागले आणि तो एकटा सगळ्यांना पुरून उरला. माझ्या हाताखाली नियमांची यादी होती. त्या दिवशी मी त्यांतला एकही लावला नाही. नाक पुसत वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि सकाळची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळ्या वाटेवर माझं एकच चाललं होतं. करावं की करू नये. त्यांना काही झालं तर जन्मभर माझ्या डोक्यावर. चाकूरला गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असंही मनात आलं.

लातूरला घरात शिरले तर भाऊ दारातच ओठांवर बोट ठेवून उभा. बाबा खिडकीजवळ पलंगावर, भिंतीकडे तोंड. मी बॅग खाली ठेवली, पाणीही न पिता त्यांच्याजवळ खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बाबा, आयुक्तालय नांदेडलाच होणार. लातूरनं आता नाद सोडावा."

ते हलले नाहीत. मागून मायनं माझी वेणी ओढली.

"आमच्याकडे गोदावरी आहे, धरण आहे," मी म्हणाले. आवाज मी मुद्दाम चढवला. "तुमच्याकडे काय आहे? नळाला पाणी येईल त्या दिवशी तुम्ही गल्लीत साखर वाटता."

"ताई, डोकं फिरलं का तुझं?" भाऊ म्हणाला. "डॉक्टरनं काय सांगितलंय?"

मग भिंतीकडेच तोंड ठेवून बाबा म्हणाले, "उन्हाळ्यात नांदेडला टँकर फिरतेत का न्हाई?"

"फिरतात. पण रेल्वे नाही लागत."

ते वळले. कोपरावर उठले. "आन दवाखान्याला कुठं येता गं तुम्ही? शिकायला कुठं येता? निसतं धरन उशाला घेऊन झोपायचं व्हय? ऑफिस म्हंजे काय पानी भरायचा हौद हाय का?" पुढचं बोलता बोलता त्यांना धाप लागली, छातीवर हात गेला. मी गप्प झाले. भाऊ पुढे धावला. बाबांनी त्याला हातानं मागे सारलं आणि मला म्हणाले, "थांबलीस कामून?"

"तुम्हाला दम लागून राहिला, बाबा."

"लागू दे." श्वास बसेपर्यंत ते थांबले. मग आम्हा तिघांकडे एकेक करून बघितलं. "एक इचारतो, खरं सांगा. डॉक्टरनं किती दिस सांगितलेत?"

"कशाचे?" भाऊ म्हणाला.

"माझे."

माय त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"दोन महिने झाले," बाबा म्हणाले. "मी दिसाला रात म्हनलं तरी सगळे हाव म्हनून राहिले. ही पोरगीबी. जिनं उभ्या जन्मात माझं एक ऐकलं न्हाई ती हीबी मान हलवून राहिली. लोक येतेत, हळू बोलतेत, उठून जातेत. असं कोनासंग करतेत ते मला ठाऊक न्हाई का? म्हनलं, आता थोडंच राह्यलंय, गप पडून ऱ्हावं, तुमाला तरास नगं."

भावानं कपाटातून रिपोर्टांची फाइल आणली. बाबांनी चष्मा मागितला आणि प्रत्येक कागद स्वतः वाचला, एकेका ओळीवर बोट ठेवून. आम्ही तिघं शाळेतल्या पोरांसारखे उभे होतो. शेवटचा कागद उलटून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मंग हे मला सांगितलं कामून न्हाई?"

मी म्हणाले, "बाबा, सांगण्यासारखं काही नव्हतंच. सगळं चांगलं होतं."

"मंग तेच सांगायचं होतं की गं," ते म्हणाले.