रीवर्क केलेली लायर

अन्याय झाला तो आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मावशीवर, आणि तो झाला रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, चहा पीत बसलेल्या पाच जबाबदार माणसांच्या डोळ्यांदेखत. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाच्या कच्च्या यादीत सातव्या क्रमांकावर मावशीचं नाव होतं, नावापुढे 'लायर वादन' असं लिहिलेलं होतं, आणि सांस्कृतिक समितीच्या अध्यक्षांनी निळ्या पेनाने त्यावर आडवी रेघ मारली. मी साक्षीदार आहे. घड्याळ मी लगेच बघून ठेवलं, कारण पत्रक लिहिणाऱ्या माणसाने आधी वेळ बघायची असते, चिडायचं नंतर. आणि नाव खोडलं ते कुणाचं? चाकणपासून पिंपरीपर्यंतच्या अख्ख्या पट्ट्यात जिच्याइतकी चोख बाई दुसरी नाही, जिच्या नजरेखालून गेलेला नट पुढे कधी सैल झाला असं ऐकिवात नाही, त्या बाईचं!

मावशी महाळुंग्याच्या एका कंपनीत शेवटच्या तपासणीला उभी असते. बावीस वर्षं तेच काम. नट ठरलेल्या जोराने आवळला गेला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या मार्करने एक सरळ रेघ ओढायची. पुढे नट तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, आणि चोर सापडतो. आता बावीस वर्षं हेच केल्यावर माणूस ते कंपनीच्या गेटवर ठेवून घरी येईल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही मावशीचं स्वयंपाकघर पाहिलेलं नाही. गॅसच्या रेग्युलेटरवर पिवळी रेघ. कुकरच्या दांड्याच्या स्क्रूवर पिवळी रेघ. पिण्याच्या पिंपाच्या तोटीवर, देवघराच्या कडीवर, मिक्सरच्या भांड्यावर रेघ. काकांना साखरेचा त्रास, म्हणून गुळाच्या डब्यावर तर झाकणापासून बुडापर्यंत ठसठशीत रेघ. काका कंपनीची बस चालवतात, तिसऱ्या शिफ्टवरून येऊन दिवसा झोपतात, आणि झोपेतून उठले की त्यांना गूळ आठवतो. "हात लावलाव का डब्याला?" "न्हाई गं." "रेघ तुटलीय." यापुढे काकांची बाजू कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. माझ्या स्कूटरच्या चाकांनाही तिने खुणा केल्या आहेत. कंत्राटी कामगारांच्या मोर्चाला मी घाईत निघाले की ती जिन्यात आडवी येते, "थांब, आधी चाक बघू दे. जगाचे नट आवळायला निघालीस, तुझे कोण आवळणार?" मी चरफडते आणि थांबते.

अशा बाईने वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी वाद्य शिकायचं ठरवलं. लहानपणी लातूरकडच्या तिच्या शाळेत एक पेटी होती, तिला हात लावायची परवानगी फक्त हेडमास्तरांच्या मुलीला होती, हा मूळ अन्याय. (त्याबद्दल कुणी पत्रक काढलं नाही.) पेटी आता घेता आली असती, पण दिवसा काका झोपलेले, वरच्या मजल्यावर एक झोपलेला, खाली दोन. आमच्या इमारतीत चोवीस तास कुणी ना कुणी शिफ्ट करून झोपलेलं असतंच. तेव्हा मावशीने मोबाइलवर एका मुलीला लायर वाजवताना पाहिलं आणि मला बोलावून दाखवलं. लाकडाची छोटी चौकट, वर दोन शिंगं फुटल्यासारखी, मधे तारा. आपल्या वीणेची परदेशी भाची म्हणा. "बघ, मांडीत मावती, टिफिनच्या पिशवीत बसती, आन् झोपलेल्याला उठवत न्हाई," मावशी म्हणाली. वाद्य निवडण्याचे इतके व्यवहारी निकष मी कुणाकडून ऐकले नव्हते.

चिंचवडच्या दुकानात मी बरोबर गेले. दुकानदाराने हसून विचारलं, "नातीसाठी का?" मी जाब विचारायला तोंड उघडणार, तोवर मावशीने लायर उलटी करून तिच्या पोटावरून अंगठा फिरवायला सुरुवातही केली होती. पहिली लायर नाकारली: कडेला लाकडाची कूस. दुसरी नाकारली: तारा ज्या पट्टीवर टेकतात ती पट्टी केसभर तिरकी. तिसरीची एक खुंटी डुगडुगत होती. दुकानदार घाम पुसत म्हणाला, "मावशी, वाद्य घेताय की गिअरबॉक्स?" मावशी म्हणाली, "गिअरबॉक्स असता तर एवढा वेळ दिला नसता." मग त्याने सल्ला दिला, की शिकाऊ माणसाला सात तारांची पुरे, सोळा तारांची झेपायची नाही. "आमच्या फ्रेमला सोळाच नट असत्यात," मावशी म्हणाली, "हाताला सोळाची सवय हाय." चौथी लायर पास झाली. दुकानदाराने सुटकेचा श्वास सोडला, तो मी स्वतः ऐकला.

लायरबरोबर तारा जुळवायला एक छोटा पाना मिळतो. पाना बघितल्यावर मावशीचा चेहरा उजळला. संगीतात पाना असतो हे तिला कुणी आधी सांगितलं असतं तर ती वीस वर्षांपूर्वीच संगीतात आली असती. पण इथे एक घोटाळा झाला. कंपनीतला पाना ठरलेला जोर पडला की टक्क असा आवाज करतो, आणि मग थांबायचं असतं. मावशीने सगळ्यात बारीक तारेच्या खुंटीला पाना लावला, फिरवला आणि 'टक्क'ची वाट बघू लागली. तार कण्हायला लागली. मी म्हटलं, "मावशी, बास." ती म्हणाली, "अजून वाजलं न्हाई." आणि मग वाजलं. तार तुटून तिच्या बांगडीवर आपटली. "झालं," मावशी समाधानाने म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं काय झालं ते.

त्यानंतर मोबाइलवरच्या सूर मोजणाऱ्या ॲपचा काटा हिरवा होईपर्यंत एकेक तार जुळवायची, हे ती शिकली. एक तार छेडल्यावर आधीची तळहाताने दाबायची, नाहीतर सगळं एकात एक मिसळून कालवण होतं, हेही शिकली. रोज दुपारी पहिल्या शिफ्टवरून आल्यावर अर्धा तास. तीन महिन्यांत एक पाळणा बसवला, तिच्या गावाकडे बारशाला म्हणतात तो. मग तिने आपणहून सोसायटीच्या कार्यक्रमाला नाव दिलं, आणि का दिलं ते मला भाजी निवडता निवडता सांगितलं. "बावीस वर्षं रेघा ओढल्या. रेघेखाली नाव लिहायचं नसतं. एकदा छापलेल्या कागदावर नाव बघायचंय. एवढंच."

एवढंच! आणि तेच खोडलं. अध्यक्षांना सगळे अप्पा म्हणतात. आमच्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत तिथे पूर्वी त्यांचा ऊस होता. भजनात पखवाज वाजवतात, कान तयार. रविवारी निवड चाचणी होती म्हणून मावशीने शनिवारी सोळाच्या सोळा तारा नव्या घातल्या, काटा हिरवा होईपर्यंत जुळवल्या, आणि प्रत्येक खुंटीवरून लाकडापर्यंत पिवळी रेघ ओढली. कारण जुन्या तारांचा सूर रोज थोडा उतरायचा आणि मावशीचं निदान पक्कं होतं, खुंटी फिरतेय. आता रेघ आहे, आता फिरून दाखव. रविवारी तिने पाळणा सुरू केला आणि दुसऱ्याच ओळीला अप्पांनी तोंड कसंनुसं केलं.

"मावशे, समदं उतारलंय."

"कसं उतरंल? रेघा बघा की! एक तरी तुटलीय का?"

"रेघा बगून काय करू? मी कानानं ऐकतोय."

आणि रेघ मारली. मी उठून, कष्टकरी बाईला मंच नाकारण्याची मानसिकता, इथपर्यंत बोलले. अप्पा म्हणाले, "ताई, तू बस. तुझं पत्रक येतंच हाय खाली."

आलंच. 'सातव्या क्रमांकाचा जाहीर निषेध' या मथळ्याचं पत्रक मी चारच्या आत दोन्ही लिफ्टमध्ये चिकटवलं. पाचला मावशी दारात उभी. दोन्ही पत्रकं नीट सोडवून, घडी घालून आणलेली. "यात एक चूक हाय," ती म्हणाली. मला वाटलं शुद्धलेखन. "सूर खरंच उतरला होता. घरी येऊन काट्यावर लावून बघितलं. खोट्या मालावर माझं नाव नको मला."

पुढचे चार दिवस मावशीने त्या लायरची जी चौकशी केली तशी कुठल्या समितीने कुठल्या अपघाताची केली नसेल. सकाळी बसला जाण्याआधी एकदा, आल्यावर एकदा, एकेक तार काट्यावर. वहीत नोंद. रेघ जागच्या जागी, सूर खाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गुरुवारी ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "सापडलं. खुंटी निर्दोष हाय. तारच ताणतीय. नवी चप्पल जशी पायाला बसस्तोवर सैल होती, तशी. रोज आवळावं लागतंय, आन् कानानं ऐकावं लागतंय, रेघेला इचारून उपयोग न्हाई." मग तिने कापसावर थिनर घेतला आणि सोळा रेघा पुसल्या. मी तिच्याशेजारी बसले होते. आयुष्यात स्वतःची रेघ तिने कधी पुसली नव्हती. शेवटच्या रेघेवर तिचा हात थांबला, हेही मी पाहिलं.

शुक्रवारी आम्ही अप्पांच्या घरी. मावशीने लायरच्या शिंगाला एक लाल पुठ्ठा बांधला होता, कंपनीत नाकारलेल्या मालाला बांधतात तसा, आणि त्यावर लिहिलं होतं: 'नाकारण्याचे कारण: तारा ताणल्या. दुरुस्ती: रोज दोनदा जुळवणी. पुन्हा तपासणीसाठी सादर.'

"हे काय वं?" अप्पा म्हणाले.

"रीवर्क. नाकारलेला माल दुरुस्त करून परत लाइनवर आणता येतो. नियम हाय."

"कुनाचा नियम?"

"चाकणात सगळ्यांचा."

अप्पा हसले. डोळे मिटून म्हणाले, "वाजीव." ती वाजवत असताना त्यांनी बोट वर केलं. "खालून पाचवी. जराशी." मावशीने मोबाइलला हात लावला नाही. पाना घेतला, मान तिरकी केली, तार छेडली, पाना केसभर वळवला, पुन्हा छेडली. "आता?" "व्हय. आता." अप्पांनी यादी मागवली आणि नाव स्वतःच्या हाताने परत लिहिलं, सातव्याच क्रमांकावर. मी त्यांना माफ केलं. तसं पत्रक काढलं नाही, पण केलं.

वर्धापनदिनाला, संध्याकाळी साडेपाचला, मावशीने सोळाच्या सोळा तारा जुळवलेली लायर मांडीवर घेतली आणि पहिली तार छेडली. कुणालाच काही ऐकू आलं नाही. क्लबहाउसची वीज दुपारीच गेली होती, बाहेर जनरेटर धडधडत होता, आत बारा पंखे फिरत होते, माइक नुसता खरखरत होता. मागच्या रांगेतून कुणी ओरडलं, "आवाज!" मावशीचा हात थांबला. मी घोषणा द्यायला उठणार, तेवढ्यात अप्पा पहिल्या रांगेतून गरजले, "बंद करा रे त्यो जनरेटर! पंखं पन बंद! एवढं घामानं कुनी मरत न्हाई!"

जनरेटर थांबला. पंखे हळूहळू थांबले. हमरस्त्यावरचे ट्रेलर लांबून ऐकू येत होते, आणि मग तेही कुणाच्या लक्षात राहिले नाहीत, कारण मावशीने पाळणा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला होता. दोनशे माणसं पुढे वाकून ऐकत होती. ज्या माणसांच्या कानात आठ-आठ तास प्रेसचे दणके असतात, ती माणसं. तिसऱ्या ओळीत एक तार चुकीची लागली. तिने ती तळहाताने दाबली, मान हलवली आणि पुढे गेली. संपल्यावर टाळी अशी वाजली की काका, जे शिफ्टची झोप सोडून आले होते, डोळे पुसत माझ्याकडे बघून म्हणाले, "धूर लई झाला गं जनरेटरचा." जनरेटर बंद होता. "वन्स मोअर!" मागून आवाज आला, त्याच 'आवाज!' म्हणणाऱ्याचा, आणि मावशीने पाळणा दुसऱ्यांदा वाजवला, या वेळी एकही चूक न करता. जिंकलो आम्ही! कार्यक्रमाची छापील पत्रिका तिने दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या लॉकरच्या दाराला आतून लावली.

खंत एकच. त्या संध्याकाळचे अकरा व्हिडिओ माझ्याकडे आहेत आणि एकातही लायर नीट ऐकू येत नाही. कुणाचा खोकला येतो, खुर्ची सरकते, मावशीची बोटं हलताना दिसतात. पुरावा नाही. दिवाळीनंतर तिच्या लाइनवर तपासायला कॅमेरा बसणार आहे आणि तिला पॅकिंगला टाकणार आहेत. त्याचं पत्रक मी लिहिते आहे, ते वेगळं. पण रोज दुपारी चार वाजता समोरच्या बंद दाराआड ती वाजवते. आमच्यात दोन दारं आणि पाच फुटांचा जिना, तरी माझा पंखा चालू असला की मला काही ऐकू येत नाही. पहिले तीन महिने मी तो चालूच ठेवला होता. हे मी कुठल्या पत्रकात लिहिलेलं नाही, इथे लिहिते.

म्हणून मागणी तुमच्याकडे आहे, आणि ती आजच्या आज मान्य झाली पाहिजे. तुमच्या घरात, नाहीतर भिंतीपलीकडे, कुणीतरी उतारवयात काहीतरी नवीन शिकतं आहे आणि तुमची झोपमोड होऊ नये म्हणून हळू शिकतं आहे. 'याचा उपयोग काय' असं त्यांना विचारू नका. उठा, पंखा बंद करा आणि घाम येऊ द्या.