हनोईत रस्ता ओलांडायला शिकलो, पोलादपुरात अडलो

सुट्टीचं तिकीट काढलं त्या दिवशी रूमवरच्या दिलीपदादानं विचारलं, "मुंबईचंच ना?" दिलीपदादा खेडचा, मस्कतमध्ये माझ्या आधीपासून आहे.

"मुंबईचंच. पण मधे हनोई करून."

"हनोई मधे कुठं येतंय रे? ते मुंबईच्या पुढं हाय."

भूगोल माझा आठवीत सुटला, शाळेबरोबरच. पण एवढं मलाही माहीत होतं. मुंबईत उतरायचं, विमानतळाच्या बाहेर पाय न टाकता दुसऱ्या विमानात बसायचं, व्हिएतनामला जायचं आणि मग मागं फिरून पोलादपूरला यायचं. दादा म्हणाला, घराच्या कौलावरून उडून पुढं जाणारा पहिलाच माणूस बघतोय.

मी मस्कतला एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. कांदे सोलण्यापासून सुरुवात केली, आता तव्यावर असतो. दुपारच्या मोकळ्या वेळात मोबाईलवर हनोईचे व्हिडिओ बघायचा नाद लागला होता. फूटपाथवर बायका मोठ्या पातेल्यातून सूप वाढतात आणि माणसं वीतभर उंचीच्या स्टुलावर उकिडवी बसून खातात. मला एकदा दुसऱ्यानं केलेलं, दुसऱ्याच्या रस्त्यावर बसून खायचं होतं.

आणि घरी थोडं उशिरा पोचायचं होतं, हेही आहेच. पोलादपूरला बाबांचा चहा-वड्याचा गाळा आहे, भाड्याचा, आंबेनळी घाटाकडं वळणाऱ्या नाक्यावर. महाबळेश्वरला जाणारे तिथं थांबायचे. हायवे रुंद झाला आणि थांबणारे कमी झाले. गाळ्याच्या मालकानं पुढच्या वर्षाच्या भाड्याचं विचारलं तसं बाबांनी मला फोनवर विचारलं, "तू कायमचा येतोस का? तुझ्यावर हाय. ठेवू का सोडू?"

"आल्यावर सांगतो."

"मग ये."

बाबांना सकाळी फोन लावला की आधी धाप ऐकू येते, मग "बोल" येतं. मला वाटायचं, पाण्याचा हंडा उचलत असतील, नाहीतर माझ्यावर चिडले असतील. 'नाही' म्हटलं तर त्यांचं मन मोडेल आणि 'हो' म्हटलं तर मी त्या गाळ्यात बसून रस्त्याकडं बघत म्हातारा होईन, अशा कात्रीत होतो. हनोईचे सहा दिवस मी त्यातून काढून घेतले.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं. व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो, फक्त पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच भरा. विमानतळावर सिमकार्ड घ्या आणि टॅक्सीवाल्यांच्या घोळक्यातून सरळ बाहेर या. केशरी बस उभी असते, ती जुन्या शहरात सोडते. एका खोलीत आठ-दहा पलंग असलेली हॉस्टेलं आहेत, आपल्या पाच-सहाशे रुपयांत पलंग मिळतो आणि सकाळचा नाश्ताही. नोटांवरचे शून्य बघून घाबरू नका. तिथं चहा प्यायलासुद्धा हजारांत लागतात. आणि एक पाठ करून जा: 'गा' म्हणजे कोंबडी, 'बो' म्हणजे बैलाचं मटण. आपल्या कानाला उलटं वाटतं, म्हणून सांगतोय.

पहिल्या संध्याकाळी बॅग ठेवून बाहेर पडलो आणि कोपऱ्यावरच अडकलो. समोर सूपचं दुकान, मधे रस्ता, रस्त्यावर मोटरसायकलीच मोटरसायकली. एकीवर आख्खं कुटुंब, एकीवर उभा आरसा, एकीवर फुलं लागलेलं कुंडीतलं झाड. सिग्नल होता, पण तो शोभेला असावा. मी पाय पुढं टाकायचो, परत घ्यायचो. आमच्या सावित्री नदीला पाणी चढलं की काठावर माणसं असंच करतात.

तेवढ्यात एक म्हातारी आली. खांद्यावर कावड, दोन्हीकडं पेरू. तिनं ना डावीकडं बघितलं ना उजवीकडं, चालू लागली. गाड्या तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या, दगडाला पाणी वळसा घालतं तशा. मी तिच्या पाठी लागलो, पेरूंवर नजर ठेवून. पलीकडं पोचल्यावर तिनं मागं वळून बघितलं आणि एक पेरू पुढं केला. मला वाटलं, कौतुकानं देतेय. विकत होती.

त्या रात्रीपर्यंत नियम कळला. थांबायचं नाही, पळायचं नाही, मागं तर अजिबात यायचं नाही. एका चालीनं चालत राहायचं. समोरचा तुमची चाल बघतो आणि आपली गाडी बेतानं वळवतो. एवढ्या गर्दीत कुणी कुणावर ओरडत नाही. हॉर्न वाजतो, पण "मी इथं आहे" एवढंच सांगायला.

मग माझी फजिती झाली ती दुसऱ्या सकाळी. पुनव होती. एका दुकानापुढं फूटपाथच्या मधोमध ताट ठेवलेलं: भात, मीठ, गोळ्या-चॉकलेटं, फुलं, पेटलेल्या उदबत्त्या आणि बाजूला जळलेल्या कागदांची राख. माझे पाय जागच्या जागी थांबले. आमच्याकडं पुनवेला, अवसेला तिठ्यावर असा उतारा ठेवतात. कुणाची तरी पीडा उतरवून टाकलेली असते. ओलांडली की ती ओलांडणाऱ्याच्या मागं लागते, म्हणून लांबून वळसा घालायचा. मस्कतला इतकी वर्षं काढली तरी हे अंगातून गेलेलं नाही. मी फूटपाथ सोडला आणि सरळ रस्त्यात उतरलो, चाल-बिल सगळं विसरून, वाकडातिकडा. बदकांची टोपली घेऊन येणाऱ्या गाडीला ब्रेक लागला. तिच्या मागं सगळी गल्ली तुंबली. बदकं तेवढी ओरडली.

कुणीतरी बॅगेला धरून मला मागं ओढलं. पन्नाशीची बाई, हातात झारा. तिचं नाव लान. सगळे तिला 'को लान' म्हणतात, को म्हणजे आपल्या आत्यासारखं. ताट तिनंच मांडलेलं. "इंडिया?" विचारून ती मोबाईलवर काहीतरी बोलली आणि तिनं पडदा माझ्यापुढं धरला. हिंदीत उमटलं होतं: घर नसलेल्या आत्म्यांचं जेवण आहे, घाबरू नको.

मीही बोललो: आमच्याकडं असं ओलांडलं तर मागं लागतात.

तिनं वाचलं आणि हसून हसून झाऱ्याचाच आधार घेतला. उत्तर आलं: इथले जेवतात आणि जातात. तू जेवलास का?

असं माझं सूप ठरलं. तांदळाच्या चपट्या शेवया, कोंबडी, पातीचा कांदा, वरून लिंबू, मिरची. पातेलं पहाटेपासून चुलीवर असतं म्हणाली. वाडगा दोनशे रुपयांच्या आतबाहेर पडतो. आमच्या हॉटेलात मेन्यूची चार पानं आहेत. को लानकडं मेन्यूच नाही. एकच पदार्थ, आणि दुपारच्या आधी पातेलं रिकामं झालं की ती स्टुलं एकात एक घालून आत ठेवते. तासाभरानं त्याच जागेवर दुसरी बाई भाजलेली रताळी घेऊन बसते.

शहराच्या मधलं तळं बघितलं, कल्हईवाल्यांसारखी पत्र्याची ठोकाठोक चालणारी गल्ली बघितली, अंड्याच्या फेसाची कॉफी प्यायली. तिचा नुसता वास घेऊन सोडू नका, प्या. पण रोज सकाळी मी को लानच्या स्टुलावरच. चौथ्या दिवशी कळलं, तिचा मुलगा जपानला कारखान्यात आहे. विचारलं, तो परत येऊन हे चालवणार का?

तिनं हात झटकला. "त्याला सूप आवडत नाही. मी माझ्यासाठी चालवते. दमले की बंद करेन. तुझे वडील काय करतात?"

सांगितलं. गाळा आहे, त्यांच्यासाठी मला परत जावं लागेल, असं वाटतंय.

"त्यांना विचारलंस?"

"त्यांनीच मला विचारलंय."

"तुला काय हवं ते त्यांनी विचारलं. त्यांना काय हवं ते तू विचारलंस का?" आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाला वाढायला वळली.

मुंबईला उतरून सकाळची एसटी पकडली. पोलादपूरला नाक्यावर उतरलो, गाळ्याच्याच बाजूला. बाबा तेलाची कढई उतरवत होते. मला वर-खाली बघून म्हणाले, "आलास? मला वाटलं, आता पुढं चीनला जातोस."

पुढच्या एका तासात दोन गिऱ्हाइकं आली. जेवायची वेळ झाली तसं त्यांनी फळी लावली. आमचं घर हायवेच्या पलीकडच्या अंगाला. मी लहान असताना मधला रस्ता म्हणजे आमचं अंगणच होतं. आता चार पदरी, मधे कठडा. भुयारी वाट आहे, पण तिथं जायचं म्हणजे मोठा वळसा, आणि बाबांच्या गुडघ्यांना आता वळसा सोसत नाही.

"चला," मी म्हटलं आणि हनोईच्या चालीनं पाय टाकला. थांबायचं नाही, पळायचं नाही. मुंबईकडून ट्रेलर येत होता. त्यानं माझी चाल बघितली नाही. बाबांनी मनगट धरून मला असं खेचलं की बॅगेसकट मी त्यांच्या अंगावर पडलो.

"मरायचंय काय रे? हे काय तुझं ते... हनोई हाय?"

मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं रस्ता पार केला. माझं मनगट सोडलंच नाही. बराच वेळ उभं राहायचं, मग अर्धं पळत मधल्या कठड्यापाशी. एक पाय पलीकडं, हातानं गुडघा उचलून दुसरा. परत उभं राहायचं, परत पळायचं. पोचल्यावर ते घराच्या पायरीवर टेकले आणि त्यांच्या तोंडून तो आवाज आला. ती धाप. फोनवर रोज सकाळी ऐकायचो तीच. हंडा नव्हता, रागही नव्हता. रस्ता होता.

"रोज असंच जाता?"

"मग काय उडत जाऊ? तू जातोस उडत."

जेवताना विचारलं, "बाबा, गाळा तुम्हाला पायजे का?"

"मला? मला काय करायचाय? तू आलास तर हातात काय तरी असावं म्हणून धरून ठेवलाय."

"मी तुमच्यासाठी येणार होतो."

आईनं दोघांच्या ताटांत भाकरी टाकली. "मरा दोघं एकमेकांसाठी. भाकरी गार होतेय."

हसू आधी बाबांना आलं. मग मी उताऱ्याची गोष्ट सांगितली. आई हसली नाही. "बरं केलंस वळसा घातलास. परक्या मुलखातला असला म्हणून काय झालं?" फोटो दाखवले. बाबा को लानच्या स्टुलांवर अडकले, बोटांनी फोटो मोठा करून बघत राहिले.

"एवढ्याशावर माणूस बसतो? आणि एकच पदार्थ?"

"एकच. संपला की घरी."

"आपल्याकडं नाय चालणार ते."

"का नाय?" आई म्हणाली. "महाडला कंपनीत जाणारी पोरं सकाळी आपल्याच दारापुढं गाडीची वाट बघत असतात. उपाशी."

बाबांनी बाहेर बघितलं. एमआयडीसीची बस आमच्या अंगालाच थांबते, हे काय त्यांना नवीन नव्हतं. "उसळ-पाव," शेवटी म्हणाले. "पण उसळ तुझ्या आईची. माझी तर कुत्रं नाय खाणार."

गाळा सोडला. पुढचे दिवस मी बाबांबरोबर फळ्या, बाकडी, कढई सामानाच्या टेम्पोतून अलीकडं, घराच्या दारापुढं आणण्यात घालवले. मस्कतला मी परत आलो, बाबांनीच पाठवलं. इथं मला कामाची चटक आहे, आणि त्याची त्यांना काही हरकत नाही, हे मला एवढ्या वर्षांत ठाऊकच नव्हतं.

हनोईला जा. चांगले बूट न्या, पोट रिकामं ठेवा, रस्ता ओलांडताना थांबू नका. तिथली चाल मात्र तिथंच ठेवून या, आपल्या हायवेवर ती उपयोगाची नाही. मी सोबत फारसं काही आणलं नाही. आईला एक रेशमी रुमाल, बाबांना कॉफी. ती त्यांनी तोंड वाकडं करून पाहुण्यांसाठी ठेवली आहे.

काल सकाळी फोन लावला. मागं पोरांचा गलका होता, "काका, अजून एक पाव." पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल," बाबा म्हणाले. त्याच्या आधी धाप ऐकू आली नाही.