उतारावर गाडीत एकटे बसणारे ग्रेसन काका

ग्रेसन फिरी यांना देवाने बोलावलं नाही. त्यांच्या गाडीचे ब्रेक लागले नाहीत.

कालपासून अमेरिकेतल्या एडिसनच्या आमच्या मराठी चर्चच्या ग्रुपवर 'प्रभूने आपल्या सेवकाला बोलावून घेतलं' एवढंच फिरतंय. खाली हात जोडलेले इमोजी. म्हणून हे लिहितेय.

ग्रेसन काका आफ्रिकेत, मलावीत आमच्या मिशन ट्रिपची मिनीबस चालवायचे. गाडी आमच्या चर्चने दिलेली. तिची देखभाल आमच्याकडे.

गेल्या उन्हाळ्यात तीन आठवडे मी रोज त्या गाडीत बसले. गावांतले हातपंप दुरुस्त करायला मेकॅनिकल इंजिनियर हवा होता, म्हणून मला नेलं होतं.

गाडी जपानहून आलेली, सेकंडहँड. दार उघडलं की आतून रेकॉर्डिंगमधली एक बाई जपानीत काहीतरी सांगायची.
काका रोज तिला उत्तर द्यायचे. "झिकोमो, मॅडम." थँक यू, मॅडम.

आमच्या टीममधल्या शीला मावशींनी त्यांना 'चला चला' आणि 'जेवलात का' शिकवलं होतं. दोन्ही ते दिवसभर वापरायचे.

गावात पोचलं की आधी कुणाच्या तरी अंगणात बसायचं, विचारपूस करायची, शेंगा खायच्या. मगच काम. मी पाना काढून उभी राहिले की म्हणायचे, "सिस्टर, पंप पळून जात नाही. आधी आजीशी बोल."

गावांकडे जायच्या वाटेवर एक लांब उतार आहे. तिथे काका गाडी थांबवायचे.
"चला चला! सगळे खाली!"

आम्ही डोक्यावर लाकडं घेतलेल्या बायकांबरोबर चालत जायचो. फोटो काढायचो. काका एकटे गाडी खाली न्यायचे.

आम्हाला वाटायचं, निसर्ग दाखवतायत.

सुधीर काका आमच्या चर्चच्या मिशन कमिटीचे सेक्रेटरी, तेही ट्रिपला होते. त्यांचा रोजचा जोक ठरलेला. "काय रे ग्रेसन, आमची पोटं कमी करायचा प्लॅन आहे का?"
"फक्त तुमचं, काका."
सगळे हसायचे. मीही.

दुसऱ्या आठवड्यात पंक्चर झालं. चाक निघालंच होतं, म्हणून मी वाकून बघितलं. माझ्या बॅगेत जाडी मोजायचा कॅलिपर असतो.
ब्रेक पॅड दोन मिलिमीटर. नवीन साधारण दहा असतं. मागच्या चाकाच्या आतून ब्रेक ऑइल गळत होतं.

"म्हणून आम्हाला उतरवता?"
ते नट आवळत होते. "रिकामी गाडी थांबते, सिस्टर. भरलेली थांबेल का, माहीत नाही."
"कमिटीला सांगितलंत?"
"दोनदा. प्रार्थना करू म्हणाले."

परत आल्यावर ट्रिप रिपोर्टमध्ये मी लिहिलं.
मुद्दा सात: ब्रेक पॅड आणि ब्रेक लाइन ताबडतोब बदला. तोवर गाडी वापरू नका.

सुधीर काकांचा फोन आला. "बेटा, हा थँक्सगिव्हिंगच्या रविवारी वाचायचा रिपोर्ट आहे. इन्स्पेक्शन रिपोर्ट नाही. लोकांचा उत्साह जातो. मेकॅनिकचं मी बघतो ना."

फायनल कॉपीत मुद्दा सात असा होता: 'गावकऱ्यांसोबत रोज उतार चालत जाण्याचा आशीर्वादित अनुभव.'

ती कॉपी मंजुरीसाठी मला आली होती. मी पूर्ण वाचली.
आणि थम्ब्ज-अप दिला.

या मंगळवारी ग्रेसन काका एकटेच त्या उतारावरून निघाले. मी तिथे नव्हते. मागून चालणाऱ्या बायकांनी सांगितलं ते असं: गाडी आधी हळू होती, मग थांबलीच नाही.

गाडी रिकामी नव्हती. आमच्या पंपांचे लोखंडी पाइप होते. पाइपांना खाली उतरून चालत या म्हणता येत नाही.

मेकॅनिक गेलाच नव्हता. काल मी विचारलं तेव्हा सुधीर काका फोनवर रडले. "राहूनच गेलं गं." त्यांचं रडणं खरं होतं. माझा राग त्याने कमी झाला नाही.

आज त्यांचा मेसेज आला. रविवारच्या मेमोरियलच्या स्लाइड शोसाठी ग्रेसन काकांचा छानसा फोटो पाठव.

शोधला. नाहीये. उतारावरचे सगळे फोटो आमचे आहेत. मागे, लांब, एक छोटीशी पांढरी गाडी.

फोटोऐवजी मी माझा मूळ मुद्दा सात पाठवला आहे. रविवारी तो आहे तसा वाचा. नाही वाचलात तर मी उभी राहून वाचेन, आणि माझ्या थम्ब्ज-अपचंही सांगेन.

जुलैत पुढची टीम जातेय. त्यांच्या कार्यक्रमात तो उतार 'प्रेयर वॉक' म्हणून अजून आहे. दुसरी गाडी येईल, कुणीतरी दुसरा चालवेल. तिचे ब्रेक कोण तपासणार, हे कुठेच लिहिलेलं नाही.

शीला मावशी म्हणाल्या, "अगं, ही वेळ आहे का हे बोलायची?"
नाही, मावशी. ती वेळ थँक्सगिव्हिंगला होती.

तिकडे निरोप घेताना जाणारा म्हणतो, 'त्सलानी ब्विनो'. नीट राहा. मागे राहणारा म्हणतो, 'पितानी ब्विनो'. नीट जा.

रोज संध्याकाळी आम्हाला सोडून निघताना काका त्यांचं म्हणायचे. मी हातातली अवजारं पुसत असायचे. मान हलवायचे फक्त.

पितानी ब्विनो, ग्रेसन काका.