झूम नसलेला कॅमेरा आणि धारचं बोडण

आधीच सांगून टाकते, नाहीतर धार म्हटल्यावर ही बाई शेजारच्या मांडूला कधी पोचते याची तुम्ही शेवटपर्यंत वाट बघाल. मांडूला आम्ही गेलोच नाही. आम्ही देवासहून धारला गेलो, सासरच्या एका बोडणाला, आणि मी बरोबर भाड्याने आणलेला एक कॅमेरा नेला. तो विकत घ्यायचा की नाही, हे मला तीन दिवसांत ठरवायचं होतं.

कॅमेऱ्याचं नाव घेत नाही. ज्यांना हा रोग आहे त्यांना वर्णनावरून कळेल. कोटाच्या खिशात मावणारा, दिसायला जुन्या धाटणीचा, आत सेन्सर मोठा आणि पुढे एकच लेन्स, कायमची बसवलेली. ती बदलता येत नाही. झूम होत नाही. किंमत अशी की दुकानदारसुद्धा ती सांगताना आवाज खाली आणतो. वर पुन्हा तो लगेच मिळत नाही, नाव लिहून वाट बघायची. माझ्या नवऱ्याचं, मकरंदचं, यावर एकच वाक्य होतं. "एवढ्या पैशात स्कूटर येते, आणि स्कूटर निदान पुढे तरी जाते."

मी देवासच्या एका कारखान्यात माल तपासते, म्हणजे दिवसभर पगार घेऊन दुसऱ्यांच्या कामात खोट काढते. बाबा साताऱ्याकडून अशाच नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. त्यामुळे न तपासता काही विकत घेणं माझ्या रक्तात नाही. इंदूरला एका दुकानात हा कॅमेरा तीन दिवसांसाठी भाड्याने मिळाला. अनामत इतकी घेतली की मी तो घेऊन पळाले असते तरी नुकसान माझंच होतं.

शुक्रवारी सकाळी पहिली परीक्षा देवासच्या टेकडीवर. रोपवे आहे, पण तुम्ही पायीच चढा, थंडीत मजा येते आणि वर गेल्यावर पोहे जास्त जातात. बडी माता आणि छोटी माता, दोघींचं दर्शन घ्यायचं, एकीचं घेऊन उतरायचं नाही, असा इथला दंडक आहे. मी फुलवाल्यासमोर कॅमेरा धरला तशी त्याने झेंडूची माळ बाजूला ठेवून चौकशी सुरू केली.

"दीदी, इसमें ज़ूम कित्ता है?"

"ज़ूम नहीं है, भिया."

"लेन्स बदल जाता होगा?"

"नहीं."

त्याने माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं, त्या दयेने आजवर डॉक्टरांनीही पाहिलेलं नाही. "कोई बात नहीं," तो म्हणाला, "मोबाइल तो है ना आपके पास?"

मोबाइल होता, पण मी स्वतःला घातलेली अट अशी की तीन दिवस मोबाइलने एकही फोटो काढायचा नाही. खाली उतरेपर्यंत एवढं कळलं की या कॅमेऱ्याचे रंग सुंदर येतात, बटण दाबलं की आवाज होत नाही आणि बॅटरी लग्नातल्या बर्फीसारखी संपते. दुसरी बॅटरी घेतल्याशिवाय कुठेही जाऊ नका. आणि लांबचं काही टिपायचं असेल तर विसरा. वरून मला आमच्या कॉलनीचा फोटो काढायचा होता. त्यात अर्धा जिल्हा आला, कॉलनी तेवढी सापडली नाही.

दुपारी गाडीने धारकडे निघालो. मी, मकरंद आणि कुमुदआत्या. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, निवृत्त शिक्षिका, आमच्या पलीकडच्या गल्लीत एकट्या राहतात आणि एकट्या राहतात म्हणून कोणी हळहळलं तर त्याच्या व्याकरणाच्या चुका काढतात. देवास ते धार, इंदूरला वळसा घालून, दोन-अडीच तासांत होतं. टोलनाके आहेत, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. रस्ता चांगला आहे, ट्रक मात्र स्वतःला रस्त्याचे मालक समजतात. वाटेत एका टपरीवर शेव आणि जीरावन मसाला घातलेले पोहे घेतले, सोबत जिलबी. मी पोह्यांचा फोटो काढायला गेले तर कॅमेरा इतक्या जवळून फोकस करेना. आत्या म्हणाल्या, "तुझ्या कॅमेऱ्याला लांबचं दिसत नाही, अगदी जवळचंही दिसत नाही. वयाने माझ्याएवढा असणार."

ज्यांना बोडण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घरात लग्न झालं किंवा मूल झालं की देवीचं हे कुळधर्माचं काम होतं. देवघरासमोर परातीत देवीची मूर्ती ठेवतात. भोवती सवाष्णी बसतात आणि एक कुमारिका, जी त्या वेळापुरती साक्षात देवी असते. दूध, दही, तूप, मध, साखर आणि पुरण असं सगळं परातीत घालून सगळ्याजणी हाताने कालवतात. मध्येच कुमारिकेला विचारायचं, आणखी काय हवं? ती जे मागेल ते घालायचं, ती पुरे म्हणेपर्यंत. त्यावर ऊन पडू द्यायचं नाही म्हणून खिडक्या बंद. आमच्या घरी पुरुषांनी बघायचंही नाही. आणि सवाष्णींचं काम म्हणून नवरा गेलेल्या बाईने तिथे बसायचं नाही.

म्हणजे आत्यांनी. त्यांचे यजमान गेल्यापासून घरातल्या प्रत्येक बोडणाला आत्या येतात आणि बाहेरच्या खोलीत बसून मटार सोलतात. इकडे मटारांना बटले म्हणतात, थंडीत ढिगाने येतात. गाडीत मी विचारलं, तुम्हाला राग नाही का येत? "येतो ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तर अर्धे बटले कच्चेच खाऊन टाकते."

धारला काकूंचं घर किल्ल्यापासून दहा मिनिटांवर आहे, नवं, दोन मजली, फरशी इतकी गुळगुळीत की पाहुणे आपोआप सावकाश चालतात. काकू म्हणजे शालिनीकाकू, मकरंदच्या चुलत्यांची बायको. या घराण्यात कधीकाळी संस्थानी कारभारी होते. संस्थान गेलं, कारभार काकूंकडे राहिला. रात्रीच्या जेवणाला दाल-बाफले होते, म्हणजे वरण आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे. बाफल्यांवर तूप वाढताना नको म्हणायचा हक्क पाहुण्याला नसतो, हे लक्षात ठेवा आणि दुपारी कमी जेवा.

शनिवारी घाट उतरून निमाडात, धरमपुरीला. काकू म्हणाल्या उद्या घरात गर्दी, आज फिरून घ्या. नर्मदेचं पात्र तिथे ऐसपैस आहे, मधल्या बेटावर महादेवाचं देऊळ आहे, तिथे नावेने जायचं. नावेचं भाडं बसण्याआधी ठरवा, मधोमध गेल्यावर घासाघीस करण्यात जोर राहत नाही. या कॅमेऱ्याने इथे माझं मन जवळजवळ जिंकलं. नावेत सगळेच जवळ बसलेले असतात, झूमचं कामच नाही. समोरच्या आजीबाई ओटीचं सामान सांभाळत होत्या, त्यांना फोटो निघाल्याचं कळलंही नाही. पडद्यावर पाहिलं तर त्यांच्या बांगड्यांवर पाण्याचा उजेड हलताना दिसावा इतका जिवंत. मकरंदने दोनदा पाहिला आणि काही बोलला नाही. आमच्या संसारात याचा अर्थ होकाराच्या आसपास असतो. परत येताना मी मनातल्या मनात यादीत नाव लिहून टाकलं होतं.

रविवारी सकाळी बोडण. काकूंच्या नव्या सुनेचं, ईशाचं, हे पहिलंच. त्यामुळे काकूंना फोटो हवे होते. "तू आणलायस ना तो महागाचा डबा? मग काढ छान." आणि इथे मी अशी गफलत केली की क्वालिटीच्या नोकरीतून काढून टाकावं. सोवळ्याची साडी नेसून पाटावर बसले, इतर सवाष्णींसारखे हात परातीत घातले, कोपरापर्यंत दूध-दही झालं आणि मग लक्षात आलं की फोटो काढायचे ते मीच. कॅमेरा समोर शेल्फावर. मकरंदला बोलावता येईना. ईशाचे हात परातीत, काकूंचे परातीत.

बाहेरच्या खोलीतून मटारच्या शेंगेचा टक् असा आवाज आला. सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

"वन्सं," काकूंनी हाक मारली, "दारातून काढता का दोन फोटो? आत नका येऊ, तिथूनच झूम करा."

"काकू, याला झूम नाही," मी म्हटलं.

"इतका महाग आणि झूम नाही?"

आत्यांनी पदराला हात पुसले, शेल्फ दारालगत होतं, कॅमेरा उचलला आणि उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहून बटण दाबलं. पडद्यावर बघून म्हणाल्या, "चौकट छान आलीय. फ्रिजसुद्धा आलाय. तुम्ही मात्र मुंग्यांएवढ्या." मग त्या तिथेच उभ्या राहिल्या, कॅमेरा छातीशी धरून. काकूंनी सांगितलं नसतं तरी त्या आत आल्या नसत्या, आणि ते बघताना मला फार वाईट वाटलं. आजवरच्या बोडणांना मी दाराकडे पाठ करून बसत आले होते, या वेळी पहिल्यांदाच तोंड दाराकडे होतं.

काकू विधी पुढे नेत कुमारिकेकडे वळल्या. कुमारिका म्हणजे त्यांच्या लेकीची मुलगी मुक्ता, तिसरीत, हिंदी शाळेत जाणारी, नाकाला दही लागलेली. काकूंनी हात जोडून विचारलं, "देवी, आणखी काय हवं?"

मागच्या खेपेला देवीने मध मागितला होता, त्याआधी साखर. काकूंनी मधाची बाटली तयार ठेवली होती. मुक्ताने दाराकडे पाहिलं.

"आत्याआजी पास में आओ ना," देवी म्हणाली. "इत्ती दूर से मेरा फोटो कैसे आएगा?"

ईशाने ओठ आत घेतले, तिला हसू आवरत नव्हतं. काकू पुटपुटल्या, "अगं, दूध हवं का? मध?"

"मध नको. आत्याआजी हवी."

आता देवीने मागितलेलं द्यायचं नाही तर बोडण करायचं कशाला? काकूंच्या चेहऱ्यावर हा सगळा हिशेब चाललेला मला दिसला. शेवटी त्यांनी मधाची बाटली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "या, वन्सं. तिने मागितलंय."

आत्या उंबरा ओलांडून आल्या. झूम नसल्यामुळे आणखी पुढे यावं लागलं, मग आणखी. शेवटी ईशा आणि माझ्या मध्ये गुडघे टेकून बसल्या तेव्हा कुठे त्यांना हवा तो फोटो मिळाला. कॅमेऱ्याच्या पट्ट्याचं टोक परातीत बुडालं. अनामत डोळ्यांसमोरून गेली, पण त्या क्षणी मला तिचं काही वाटलं नाही. आत्या सूचना देत सुटल्या. "शालिनीवहिनी, कपाळावरचे केस मागे. ईशा, हात दिसू दे. मुक्ते, दात झाक." विधी संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत आणि त्यांना उठा असं कोणी म्हणालं नाही.

संध्याकाळी परत निघालो. इंदूरला कॅमेरा परत केला. पट्टा मी तीनदा धुतला होता, तरी दुकानदाराने हुंगून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, शूट कहाँ था, डेअरी में?" इंदूर मागे पडलं तशा आत्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "कालवताना तूप बोटांच्या मधून वर येतं. विसरलेच होते मी." आणि खिडकीकडे तोंड केलं. मकरंदने गाणी बंद केली.

घरी येऊन फोटो मोठ्या पडद्यावर पाहिले. माझे टेकडीचे, नदीचे, नावेतल्या आजींचे चांगले आहेत. आत्यांचे सगळे वाकडे. काकूंचा एक कान कापलाय, माझी हनुवटी नको तितकी आलीय. पण खिडक्या बंद असलेल्या खोलीत, एका दिव्यावर, सगळ्या बायका स्पष्ट दिसतात, हसताना, ओरडताना, आत्यांशी हुज्जत घालताना. तेव्हा तुमच्यासाठी निकाल असा: अंधारात फोटो काढायचे असतील, माणसं जवळची असतील आणि पैसे खुपणार नसतील तर घ्या. पक्षी, क्रिकेट किंवा मुलांचं शाळेचं गॅदरिंग टिपायचं असेल तर फुलवाल्याचं ऐका.

मी मात्र घेत नाहीये. मकरंदला धक्का बसला, तो मनाची तयारी करून बसला होता. मी त्याला सांगितलं की चार पावलं आत यायला आत्यांना इतका महाग कॅमेरा आणि वर देवीची शिफारस लागली, याची मला लाज वाटते. तो कॅमेरा घरात ठेवला तर दर वेळी आम्ही तोच पुढे करू, आणि त्या फोटो काढणाऱ्या म्हणूनच आत येतील.

बुधवारी काकूंचा फोन आला. फोटो त्यांना इतके आवडले होते की आवाज नेहमीपेक्षा वरचा होता.

"घेतलास का तो डबा? घेऊन टाक. ईशाला पुढेमागे बाळ होईल, पुन्हा बोडण होईल. वन्संनाच उभं करू फोटोला."

"नाही घेतला, काकू. आणि आत्यांना फोटो काढता नाही येणार तेव्हा."

"का गं? कुठे जायच्यात?"

"कुठे नाही. त्यांचे हात परातीत असतील, आपल्याबरोबर."

काकूंनी घसा साफ केला.

"मग परात मोठी घ्यावी लागेल," त्या म्हणाल्या.