बाबांची सकाळची पेज

बाबांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरच पाणी द्यायला सांगितलं. घोडपदेवच्या आमच्या खोलीत मी रोज सकाळी लिटरची बाटली भरून त्यांच्या उशाशी ठेवायचे. परळला नोकरी करून त्यांनी मला कणकवलीत पदवीपर्यंत शिकवलं होतं. आहाराचा इंग्रजी कागद घरात मलाच वाचता येत होता, म्हणून सगळं माझ्या हाती होतं.

तरीही प्रत्येक डायलिसिसआधी अंगात साठलेल्या पाण्याने त्यांचं वजन वाढलेलं असायचं आणि पाय सुजायचे. एकदा मी ओरडलेच, "बाबा, तुम्ही चोरून पाणी पिता!"

"नाय गो," ते म्हणाले.

पुढे त्यांनी नाही म्हणणंही सोडलं. संध्याकाळी बाटलीत पाणी उरू लागलं. त्यांचे ओठ फुटले, तरी सूज उतरेना.

शेवटी डायलिसिसच्या सिस्टरनी विचारलं, "सकाळी काय देता त्यांना?"

"वाडगाभर पेज."

"अहो ताई, पेजेत पाणीच जास्त! ते मोजता ना?"

मी मोजत नव्हते. आमच्याकडे पेज जेवतात, पीत नाहीत.

घरी आल्यावर मी बाबांची माफी मागितली आणि उद्यापासून पेज बंद, हेही त्यांना सांगावं लागलं.

"असू दे गो," ते म्हणाले. "तू एवढं सांगत होतीस, तर मला वाटायला लागलं, मीच पाणी पितो आणि विसरतो."