कडब्यापुरती ज्वारी

मोठी माय शिवी दिल्याशिवाय ताक देत नसे. ताकाला जाऊन भांडं लपवायची सोय तिच्या दारात नव्हतीच. कोणी पदराखाली गंज झाकून उभी राहिली की ती ओरडायची, "काहून वं सटवे, चोरी करून राह्यली काय? काढ तो गंज!" आणि काठोकाठ भरून द्यायची. ताक विकायचं नसतं, हा तिच्या घरचा कायदा. नेरजवळच्या आमच्या गावातली निम्मी घरं त्या ताकाशी भाकर खात.

ती माझ्या थोरल्या काकांची बायको. काका गेल्यावर शेत तिच्या मुलाकडे, गजूदादाकडे आलं. म्हैस तिच्याकडे राहिली. वहिनीला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिच्या अंगात रक्त नव्हतं, हाडं ठणकत. डॉक्टर म्हणाले, रोज दूध घ्या, दही खा. मोठी माय त्यांनाच म्हणाली, "मंग चिठ्ठीवर म्हशीची वैरण बी लिहून द्या ना, साहेब."

विनोद नव्हता तो. त्या वर्षांत कापूस घराच्या उंबऱ्याला येऊन टेकला होता. ज्वारी कोणी पेरेना, म्हणून कडबा नाही. कडबा नाही, म्हणून गोठे ओस. मायलेकाचं कडाक्याचं भांडण झालं. दादा म्हणाला, "सारं गाव कापूस पेरते, मी एकटाच येडा हाओ काय?"

"पेर लेका. भाव नाही भेटला त म्हशीपुढं टाकजो," ती म्हणाली.

शेवटी धुऱ्याकडचा, बांधालगतचा एक पट्टा तिला मिळाला. कडब्यापुरती ज्वारी.

अख्ख्या शिवारात तेवढीच ज्वारी, मग काय! होती नव्हती ती सगळी पाखरं तिच्यावर उतरली. मी दगड उचलला तर तिनं माझा हात धरला. "खाऊ दे. दाना त्याहिचा, कडबा माहा." पाखरांचं एक वेळ ठीक, पण मागून रानडुकरं आली. एका सकाळी पाहतो तर पट्टा भुईसपाट, वरून पाऊस. काळा पडलेला तो कडबा म्हशीनं हुंगलासुद्धा नाही. आर्णीचा व्यापारी म्हैस घेऊन गेला.

रडत बसणारी बाई नव्हती ती. जवसाची चटणी, तीळ, शेवग्याचा पाला, भिजवलेले शेंगदाणे, सगळं वहिनीच्या ताटात येऊ लागलं. कोणी सोयाबीनच्या दुधाचं सांगितलं, तर तिनं सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून उकळलं. घरभर उग्र वास! आधी स्वतः घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि गूळ घालून पेला वहिनीपुढे धरला. "दूध नोहे हे. पन अंगाले लागंल. नाक दाब अन् पी." वहिनी बिचारी मुकाट्यानं प्यायची. चेहऱ्यावर जरा तुकतुकी आलीही.

हिवाळ्यात वहिनीला मुलगी झाली. बाळंतपण जड गेलं, वहिनी तापानं फणफणली, पान्हा फुटला नाही. पोरगी रडून रडून निळी पडायची. तान्ह्या जिवाला ना जवस चालत, ना सोयाबीन. मी दारोदार फिरलो. ज्या त्या घरी कोरा चहा. आमच्या घरात मात्र भाव नाही म्हणून कापूस आढ्यापर्यंत रचलेला. मोठ्या मायनं त्यातलाच मूठभर ओढला, सरकी वेगळी केली, नीट बोळा वळला आणि दादाच्या नाकासमोर धरला.

"हा घे तुहा कापूस. बोळा झाला. आता बुडवू कशात?"

दादा गाडी काढून डब्याचं दूध आणायला नेरला गेला. पोरगी जगली. मोठी माय मात्र मरेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. गाव म्हणायचं, वाटीभर दुधासाठी एवढा राग बरा नव्हे. माझा तर अजून गेलेला नाही.