रिटाबाईंच्या शब्दजोड्या

आमच्या सासूबाई, रिटाबाई, म्हणजे डोक्याला ताप! अडतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवूनही हौस फिटली नाही. दोन वर्षांपूर्वी खुबा मोडला, तेव्हापासून अंथरुणाला खिळल्यात, पण उशाखाली फूटपट्टी अजून आहे.

माझा नवरा फेबियन वारल्यावर नंदाखाल गावातल्या आमच्या केळीच्या वाडीत काही भागेना. लेक प्रियल नर्सिंग शिकतेय, होस्टेलवर असते. म्हणून मी परदेशात म्हाताऱ्यांची सेवा करायला जायचं ठरवलं. त्यासाठी तिकडे पाठवणाऱ्या एजन्सीची इंग्रजीची परीक्षा होती. पण मी गेले तर आईंना कुशीवर कोण वळवणार, पाणी कोण देणार? ही काळजी नुसती जीव कुरतडायची. एका जागी बसवेना. घासलेली भांडी मी परत घासत बसायचे.

आईंना त्याचं काही नाही. मी त्यांच्या अंगाला साबण लावत असले तरी पट्टी पलंगावर आपटायची आणि सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या सुरू व्हायच्या.

"ब्रेथ?"

"श्वास."

"ब्रीद?"

"श्वास घेणं."

"क्वाएट?"

"शांत."

"ते तू जन्मात झाली नाहीस. क्वाइट?"

"बऱ्यापैकी. आई, पाय वर करा!"

परीक्षेत अगदी त्याच जोड्या आल्या. सगळ्या येत होत्या मला. देवाशपथ, सगळ्या! तरी मी एकेक उत्तर मुद्दाम चुकवलं.

घरी येऊन तपासलेला पेपर आईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला.

"ब्रेथ-ब्रीद चुकली? फिलू, हे तर तू झोपेतही सांगशील."

मी त्यांचं पांघरूण सारखं करायला लागले.

"पलंगाखालची बॅग काढ."

बॅगेत दोन झगे, जपमाळ आणि सिस्टरांच्या वृद्धाश्रमातल्या प्रवेशाचा कागद होता. तारीख तीन महिन्यांपूर्वीची.

"फादरांना सांगून नाव घातलंय. तू पास झालीस तरी मी जाणार, नापास झालीस तरी जाणार. मग चुकतेस कशाला?"

असा राग आला मला! मला न विचारता? तिथंच पलंगाच्या कडेला बसून मी भडाभडा रडले.

"पुढच्या महिन्यात परत पेपर आहे," आई म्हणाल्या. "रडणं पुरे. ब्रेथ?"

"श्वास," मी कसंबसं म्हणाले.

"मोठ्यानं!" त्या ओरडल्या, पण माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती.